पाच गुंठे, एक रोल : कमी पाण्याच्या भागात मल्चिंगवर बटाटा

साध्या सरी-वरंब्यावर बटाटा लावला की चुका निस्तरायला महिनाभर सवड मिळते. लागण उथळ झाली, वरंबा बसका राहिला, खत कमी पडलं, तण माजलं, तरी पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी खुरपणी करून, खताचा दुसरा हप्ता देऊन मातीची भर लावली की बरंचसं सावरतं. मल्चिंग पेपर, म्हणजे वरंब्यावर पसरायचा प्लास्टिकचा कागद, अंथरलात की ही सवड संपली. कागदाखाली भर लावता येत नाही, खुरपं घालता येत नाही, खत फोकता येत नाही. तिसाव्या दिवसाचं काम पहिल्या दिवसाआधी उरकायचं, एवढं डोक्यात ठेवलं की पुढच्या पायऱ्या आपोआप कळतात.

भरीचं एवढं कौतुक का? बटाटा हे मूळ नाही, ते खोडच आहे. कोंबाला जमिनीखाली आडव्या फांद्या फुटतात आणि त्यांच्या टोकाला बटाटे फुगतात. हे सगळं बेण्याच्या पातळीला आणि त्याच्या वर घडतं, खाली नाही. बेण्याच्या डोक्यावर मऊ माती कमी असली की बटाटे वर येतात, उजेड लागून हिरवे होतात. हिरव्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. असा माल बाजारात चालत नाही आणि घरीही खाऊ नये.

हे सगळं सांगतोय ते साताऱ्यातल्या माण-खटावसारख्या भागासाठी. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा परतीचा, आणि संक्रांतीपर्यंत विहीर तळाला. इथे रब्बीचा बटाटा घ्यायचा तर विहिरीतल्या प्रत्येक तासाच्या पाण्याचा हिशेब लागतो, आणि कागद तिथेच कामाला येतो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर जून-जुलैत पावसाच्या भरवशावर जो बटाटा लावतात, त्याचं गणित वेगळं आहे. ते इथे लावायला जाऊ नका.

किती क्षेत्रावर?

पहिल्या वर्षी पाच गुंठे. हा आकडा मी घाबरून छोटा घेतलेला नाही. मल्चिंगचा रोल साधारण ४०० मीटरचा येतो. दोन वरंब्यांच्या मध्यांतलं अंतर ५ फूट, म्हणजे दीड मीटर, धरलं तर पाच गुंठ्यांत सुमारे ३४० मीटर लांबीचा वरंबा बसतो. एक रोल पुरतो आणि कडा दाबायला, फाटल्यावर ठिगळ लावायला थोडा उरतो. एकराला हेच सात रोल होतात.

दुसरं कारण पैशाचं. मिरची किंवा टोमॅटोखालचा कागद नीट राहिला तर त्यावर दुसरं पीक निघतं. बटाट्यात ते नाही. काढणी म्हणजे वरंबाच उकरायचा, तेव्हा कागदाचा सगळा खर्च एकाच पिकावर पडतो. तो निघतो की नाही, हे आपल्याच रानात बघून मग वाढवा. मल्चिंगला फलोत्पादन अभियानातून अनुदान असतं, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा. मात्र पूर्वसंमती हातात पडण्याआधी रोल विकत घेऊ नका.

रान आणि हंगाम

मध्यम, निचऱ्याचं रान निवडा. मुरमाड जमीनही शेणखतावर चालते. भारी काळी माती टाळा. कागदाखाली ती लवकर वाळत नाही आणि बेणं सडतं. आधी टोमॅटो, वांगी किंवा मिरची झालेलं रान नको, रोग तेच असतात.

आणि लव्हाळा असलेलं रान तर अजिबात नको. बाकी तण कागदाखाली गुदमरून मरतं. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा कागद भोकसून वर येतो, आणि मग त्या भोकांतून ओल जाते. रानात लव्हाळा दिसत असेल तर आधी उन्हाळी नांगरटीत गाठी वेचून काढा, बटाटा पुढच्या वर्षी.

लागण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. बटाटा धरायला थंड रात्र लागते. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर राहिलं तर पाला जोरात वाढतो आणि खाली काही सापडत नाही. दसऱ्याला रान तयार, दिवाळीच्या आगेमागे लागण, हे जुनं वेळापत्रक इथे बरोबर बसतं. ऑक्टोबरच्या कडक उन्हात घाई करून मिळणारं काही नाही.

वाणांमध्ये कुफ्री ज्योती, कुफ्री पुखराज ही नावं बाजारात ऐकू येतील. हे कुफ्री म्हणजे सिमल्याजवळचं गाव, तिथे केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं संकराचं काम चालतं, म्हणून सगळ्यांच्या नावापुढे ते. कुफ्री लवकर हा वाण तर आपल्या पठारासाठीच १९७२ मध्ये आला, नावही मराठी. कुफ्री सूर्या हा २००६ मधला, उष्णता सोसणारा. लागण थोडी आधी घ्यावी लागणार असेल तर त्याचा विचार करा.

बेणं

पाच गुंठ्यांना साधारण १२० किलो बेणं लागेल. दोन ओळी, दोन रोपांत २० सेंटिमीटर, म्हणजे ३४०० च्या आसपास बेणी आणि प्रत्येकी ३५ ग्रॅम, असा तो हिशेब. आपल्याकडे बेणं बहुतेक पंजाबातून येतं आणि मंचरच्या बाजारातून पुढे पसरतं. पावती आणि प्रमाणित बियाण्याचं लेबल मागून घ्या. खाण्याच्या बटाट्यातून बेणं निवडण्याचा मोह होतो, पण विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत.

शीतगृहातून आलेलं बेणं लगेच लावू नका. आठ-दहा दिवस सावलीत, हवेशीर जागी, एका थरात पसरा. कोंब एक-दीड सेंटिमीटरचे, जाड आणि हिरवट झाले की बेणं तयार. अंधारात पोत्यातच ठेवलं तर पांढरे लांब कोंब येतात आणि हात लागला की मोडतात.

कापायचं की नाही? साध्या लागणीत मी कापा म्हणेन, मल्चिंगखाली नको म्हणेन. कागदाखालची ऊब आणि ओल फोडीला सडवायला पुरेशी असते आणि सडलेली फोड तुम्हाला दिसतही नाही, फक्त होल रिकामा राहतो. लहान, अख्खे बटाटे थोडे महाग पडले तरी घ्या. कापावंच लागलं तर फोडीला दोन-तीन डोळे ठेवा, सुरा उभा घाला म्हणजे शेंड्याकडचे डोळे दोन्ही फोडींत वाटले जातील, आणि सडका बटाटा कापला गेला तर सुरा निर्जंतुक केल्याशिवाय पुढच्याला लावू नका. फोडी दोन दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्या, मग शिफारशीतल्या बुरशीनाशकाची प्रक्रिया.

वरंबा

इथे हात आखडता घेऊ नका, कारण पुढची भर ती हीच. रान २० ते २५ सेंटिमीटर खोल भुसभुशीत करा. पाच गुंठ्यांना एक टन चांगलं कुजलेलं शेणखत द्या. न कुजलेलं शेणखत म्हणजे हुमणीला, जमिनीतल्या मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण, आणि कागदाखाली हुमणीचा बंदोबस्त करणं जिकिरीचं. पंचवीस किलो निंबोळी पेंडही मिसळा. रासायनिक खतांचा आकडा माती परीक्षणाच्या अहवालावरून काढा. वाटणी मात्र अशी करा : स्फुरद सगळं आत्ता, वरंब्यात, नत्र आणि पालाश एक तृतीयांश आत्ता, उरलेलं ठिबकमधून.

आता मापं. वरंब्याची उंची १५ सेंटिमीटर, माथा ५० सेंटिमीटर रुंद आणि सपाट. माथ्यावर ढेकूळ नको, काडी नको, उसाचं खोडकं तर नकोच. कागद तिथेच फाटतो. बाजारात ४ फुटी, म्हणजे १२० सेंटिमीटरचा कागद सहज मिळतो. माथ्याचे ५० आणि दोन्ही उतारांवर २०-२० धरले की ९० झाले; उरलेले १५-१५ दोन्हीकडे मातीत गाडायला. कागद आणायच्या आधी एका वरंब्यावर दोरी आडवी टाकून हे मोजून बघा. मी माथा अडीच फुटी केला होता, आणि कागदाला गाडायला कड उरली नाही. पौषातल्या वाऱ्यानं निम्मा कागद शेजाऱ्याच्या ज्वारीत नेऊन टाकला.

ठिबक आणि पहिली ओल

प्रत्येक वरंब्याच्या मधोमध एक १६ मिलिमीटरची इनलाइन लॅटरल, म्हणजे आतच ड्रिपर बसवलेली ठिबकची नळी; ड्रिपर दर ४० सेंटिमीटरला, तोंड वर. कागद टाकण्याआधी पंप चालू करून प्रत्येक ओळ चालत तपासा. गळती, बंद ड्रिपर, सगळं आत्ताच उघडं आहे. लॅटरल उन्हानं लांबते आणि सापासारखी वळते, म्हणून मधे मधे तारेच्या आकड्यांनी दाबून ठेवा.

मग वरंबा पूर्ण भिजवा. कागद ओल आत अडवतो, आत नसलेली ओल तो आणू शकत नाही. कोरड्या वरंब्यावर कागद टाकला तर मधली माती हंगामभर कोरडीच राहते. भिजवल्यावर वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, टाकला की फुटावा. त्याच दिवशी कागद.

कागद कोणता, कसा

चंदेरी-काळा, २५ ते ३० मायक्रॉन, चंदेरी बाजू वर. चंदेरी बाजू ऊन परतवते, त्यामुळे माती फार तापत नाही. खालची काळी बाजू उजेड अडवते, म्हणून तण उगवत नाही आणि बटाटे हिरवे होत नाहीत. शिवाय खालून येणाऱ्या चकाकीनं मावा आणि पांढरी माशी सुरुवातीला पिकावर कमी उतरते, आणि विषाणू पसरवणारा मावा सुरुवातीलाच टळला तर बरंच टळलं.

पारदर्शक कागद स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. इंटरनेटवर चीनच्या गान्सू प्रांतातल्या डिंगशी भागातले फोटो दिसतात, डोंगरच्या डोंगर कागदानं झाकलेले, आणि खाली बटाटा. पाऊस त्यांचाही आपल्यासारखाच कमी, वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. पण ते वसंतात, गारठलेल्या मातीत लावतात. त्यांना कागदानं माती तापवायची असते आणि कागदावर पडलेला पाऊस सरीत गोळा करून मुळाशी उतरवायचा असतो. आपली माती आधीच तापलेली आणि लागणीनंतर पाऊस जवळपास नाहीच. तीच युक्ती, हेतू उलटा.

पैसेच नसतील तर उसाचं पाचट किंवा गव्हाचा भुसा अंथरा. माती थंड ठेवण्यात तो प्लास्टिकपेक्षा सरस आहे. तण आणि वाळवी यांच्याकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं.

अंथरायला चार माणसं लागतात : दोघं रोल ओढायला, दोघं मागून कडा गाडायला. सकाळी, वारा पडलेला असताना. भर दुपारी कागद ताणला तर तो उन्हानं फुगलेला असतो, रात्री आकसतो आणि आकड्यांशी फाटतो. ताणून बसवा, पण ढोलाच्या कातड्यासारखा नको. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक चर काढून पूर्ण गाडा. वारा पहिल्यांदा तिथूनच शिरतो.

होल आणि लागण

दोन पद्धती आहेत. एक, आधी बेणं लावायचं, वर कागद, आणि कोंब कागदाला टेकले की तिथे कापायचं. दोन, आधी कागद, मग होल, मग बेणं. नव्या माणसानं दुसरीच धरावी. पहिलीत उगवण एकसारखी होते हे खरं, पण कोंब कोणत्या सकाळी टेकतील ते तुमच्या सोयीनं ठरत नाही. पहिल्या वर्षी मी स्वस्त म्हणून नुसता काळा कागद आणला आणि ही पद्धत केली. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली, दोन दिवस भाच्याच्या लग्नाला गेलो. परत आलो तर कागदाला टेकलेले कोंब भाजून काळे झाले होते. पुन्हा फुटले, पण पंधरा दिवस मागे पडले आणि काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर गेली.

होल ३ ते ४ इंचांचे, दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर, आणि ओळी एकमेकींना तिरक्या, म्हणजे एका ओळीतला होल दुसरीतल्या दोन होलांच्या मधोमध. लॅटरल कुठे आहे ते आधी बघा. गरम पाइपनं होल पाडताना लॅटरलला भोक पडलं तर ते आठवड्यानं कळतं.

बेणं १० ते १२ सेंटिमीटर खोल, कोंब वर. साध्या लागणीपेक्षा हे खोल आहे, मुद्दाम. नंतरची भर नाही, म्हणून माती आत्ताच डोक्यावर हवी. बेणं ठेवलं की होल मातीनं कागदाच्या पातळीपर्यंत भरा आणि कडेवर चिमूटभर माती ओढा. उघड्या होलातून कागदाखालची गरम हवा बाहेर पडते आणि कोवळ्या कोंबाला चटका बसतो. पुढे त्याच फटीतून उजेड आणि पाकोळी बटाट्यापर्यंत पोचतात. पाकोळी म्हणजे बटाटा पोखरणारा पतंग. ती साठवणीपर्यंत पाठ सोडत नाही.

पहिले वीस दिवस

उगवण १२ ते २० दिवसांत होते. या काळात पाणी बेतानं. बेण्यात स्वतःचा साठा असतो, आणि वरंबा तुम्ही भिजवूनच लावलाय. पाणी जास्त झालं की बेणं सडतं. दहाव्या दिवसापासून रोज सकाळी ओळीतून एक चक्कर मारा. कोंब होल सोडून कागदाखाली वाकडा गेलेला असेल तर बोटानं हळूच बाहेर काढा आणि माती सारखी करा. पाच गुंठ्यांना हे अर्ध्या तासाचं काम आहे. एकरभर केलं असतं तर रोज चार तासांचं झालं असतं.

पाणी

नवीन माणूस मल्चिंगवर पाणी कमी नाही, जास्तच देतो. वरची माती दिसत नाही, सरी कोरडी दिसते, जीव राहत नाही, पंप चालू होतो. २ लिटरचे ड्रिपर असतील तर पाच गुंठ्यांत तासाला सुमारे १७०० लिटर पाणी पडतं, म्हणजे ३.३ मिलिमीटर पावसाएवढं. लहान पिकाला रोज एवढं लागत नाही. दर दोन-तीन दिवसांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी होलाशेजारी बोट खुपसून माती बघा आणि त्यावर ठरवा. बटाट्याच्या सालीवर पांढरे, फुगीर ठिपके दिसले तर पाणी जास्त झालं म्हणून समजा.

ताण मात्र तिसाव्या ते पंचेचाळिसाव्या दिवसात चुकूनही देऊ नका, तेव्हा बटाटे धरतात. पुढे पंचाहत्तराव्या दिवसापर्यंत ते फुगतात, तेव्हा पाणी नियमित हवं. एकदा कोरडं, एकदा भरपूर असं झालं की बटाटे तडकतात, नाहीतर आल्यासारखे वेडेवाकडे फुटतात.

ठिबकमधून खत आठवड्याला दोनदा, थोडं थोडं. सुरुवातीला १९:१९:१९ (आकडे नत्र, स्फुरद, पालाश या क्रमानं), बटाटे धरल्यावर १३:०:४५, शेवटी ०:०:५०. साठाव्या दिवसानंतर नत्र बंद करा, नाहीतर पाला हिरवागार राहतो आणि साल पक्की होत नाही.

रोग

ठिबकमुळे पानं ओली होत नाहीत, कागदामुळे जमिनीवरून चिखल उडत नाही, त्यामुळे करपा थोडा कमी असतो. पण डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस ढगाळ राहिलं, पहाटे धुकं आणि दव पडलं, की उशिराचा करपा कागद बघत नाही. पानाच्या कडेला पाणी लागल्यासारखे काळपट डाग आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली की त्याच दिवशी फवारणी. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) पान दाखवून औषध ठरवा आणि मात्रा लेबलवरचीच घ्या.

कागदाखाली उंदीर घर करतात. बांध स्वच्छ ठेवा, बिळं दिसली की बुजवा.

काढणी

वाणानुसार ७५ ते १०० दिवसांत पाला पिवळा पडू लागतो. पाणी बंद करा, पाला जमिनीलगत कापा आणि दहा-बारा दिवस तसंच राहू द्या. या दिवसांत साल पक्की होते. एक बटाटा उकरून अंगठ्यानं घासा. साल सरकली तर अजून चार दिवस.

कागद काढणीच्या आदल्या संध्याकाळी काढा, त्याआधी नाही. उघड्या वरंब्याच्या भेगांतून उजेड आत जातो आणि तीन महिने जपलेला माल दोन दिवसांत हिरवा होतो. आधी कडा फावड्यानं मोकळ्या करा, मग कागद एका टोकाकडून गुंडाळत जा, मग लॅटरल ओढून गुंडाळा. यंत्रानं काढणी करणार असाल तर हे दुप्पट काळजीनं, कारण फाळात अडकलेला कागद तुकडे तुकडे होऊन मातीत मिसळतो आणि पुढची कित्येक वर्षं नांगराला लागत राहतो. २५ मायक्रॉनचा कागद सहसा अखंड निघतो. पातळ कागद स्वस्त पडतो तो विकत घेतानाच, वेचताना नाही.

निघालेला कागद माती झटकून गुंडाळा आणि भंगारवाल्याला द्या. बांधावर जाळू नका. काढलेले बटाटे उन्हात न ठेवता लगेच सावलीत, झाकून. संध्याकाळी रानातून एक फेरी मारा आणि मातीत राहिलेले गोटीएवढे बटाटेही वेचा. तेच पुढच्या पावसात उगवतात आणि करपा आणि मावा यांना वर्षभर ठिकाणा देतात.